बाटलीवरची विधवा

फ्रेंच भाषेतला 'व्हव' हा शब्द आपल्या 'विधवा' शब्दाचा सख्खा नातलग आहे. लॅटिनमधला 'विदुआ', रशियनमधला 'व्दवा', इंग्रजीतला 'विडो' आणि संस्कृतातला 'विधवा' ही सगळी एकाच मुळाची भावंडे. 'धव' म्हणजे नवरा आणि तो जिला नाही ती विधवा, अशी फोड आपण शाळेत शिकलो. भाषाशास्त्रज्ञ मात्र ही फोड मागाहूनची मानतात. मूळ धातूचा अर्थ रिकामे होणे, वेगळे पडणे असा आहे आणि 'धव' हा शब्दच 'विधवा'तून पुढे कापून काढलेला आहे, असे ते सांगतात. म्हणजे आधी विधवा आली आणि तिच्यावरून नवऱ्याला नाव मिळाले!

हाच शब्द जगभर विकल्या जाणाऱ्या एका शँपेनच्या पिवळ्या चिठ्ठीवर छापलेला असतो : 'व्हव क्लिको पोंसार्दँ'. मराठीत सांगायचे तर 'विधवा क्लिको, माहेरची पोंसार्दँ'. लग्नकार्यात, वाढदिवसाला, नव्या वर्षाच्या मध्यरात्री ही बाटली उघडली जाते. आपल्याकडे ज्या शब्दाला मंगल प्रसंगी दाराबाहेर उभे केले, तो तिथे मेजाच्या मधोमध असतो.

मी इतिहासाची रीतसर विद्यार्थिनी नाही. जुनी खरेदीखते, गहाणखते, सातबाराचे उतारे वाचता वाचता या वाटेला लागले. या कागदांत बाईचे नाव आले की त्याच्यामागे 'भ्र.' किंवा 'कोम' लागून नवऱ्याचे नाव येते. नावाच्या आधी 'गं. भा.' असेल तर ती विधवा. माझ्या पाहण्यातल्या कागदांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जिथे बाई स्वतः लिहून देणारी म्हणून उभी आहे, तिथे ती बहुधा 'गं. भा.' असते. तेव्हापासून त्या पिवळ्या चिठ्ठीकडे मी निराळ्या प्रश्नाने पाहू लागले. तिच्यावरचा 'विधवा' हा शब्द दुःखाचा आहे, की सहीच्या अधिकाराचा?

माहेर आणि सासर

बार्ब-निकोल पोंसार्दँचा जन्म 16 डिसेंबर 1777 रोजी ईशान्य फ्रान्समधल्या रीम्स शहरी झाला. रीम्स हे फ्रान्सच्या राजांच्या राज्याभिषेकाचे शहर. लोकरीच्या कापडाचा व्यापार तिथे जुना. तिचे वडील निकोला पोंसार्दँ हे त्याच धंद्यातले बडे कारखानदार. माणूस हवेची दिशा ओळखणारा होता. राज्यक्रांती झाली तेव्हा ते क्रांतिकारकांच्या बाजूला गेले आणि नेपोलियन आल्यावर त्याचे यजमान झाले. पुढे ते शहराचे महापौर आणि सरदारही झाले. मुलीने हिशेबाची आणि धोक्याची समज घरातच उचलली असणार.

1798 च्या जूनमध्ये फ्राँस्वा क्लिकोशी तिचे लग्न झाले. क्रांतीच्या धामधुमीत चर्चमधले विधी अजून मोकळेपणाने करता येत नव्हते, म्हणून हे लग्न एका तळघरात गुपचूप लागले, असे सांगतात. सासरचा मुख्य धंदाही कापडाचाच. सासरे फिलिप क्लिको यांनी 1772 पासून त्याला वाइनच्या व्यापाराची जोड दिली होती. हा जोडधंदा वाढवायचा ध्यास फ्राँस्वाने घेतला. नवरा-बायको दोघेही शिकाऊच होते. पुढच्या वर्षी क्लेमाँतीन ही मुलगी झाली. फ्राँस्वाने लुई बोन हा जर्मन फिरता विक्रेता नेमला आणि त्याला थेट रशियापर्यंत पिटाळले.

ऑक्टोबर 1805 मध्ये तापाचे निमित्त होऊन फ्राँस्वा गेला. बार्ब-निकोल तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि मुलगी सहा वर्षांची. एकुलता मुलगा गेल्यावर सासऱ्यांनी वाइनचा धंदा गुंडाळायचे ठरवले. सुनेने त्यांच्यापुढे उलटा प्रस्ताव ठेवला : धंदा मी चालवते.

कायद्याने उघडलेली खिडकी

सासऱ्यांचा होकार समजून घ्यायचा तर 1804 ची नेपोलियनची नागरी संहिता पाहायला हवी. तिचे 213 वे कलम सांगते, की नवऱ्याने बायकोचे रक्षण करावे आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. 217 व्या कलमानुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मालमत्ता देता, विकता, गहाण ठेवता किंवा घेता येत नसे. 1807 च्या व्यापारी संहितेने विवाहितेला व्यापार करायला मोकळीक दिली, पण तीही नवऱ्याच्या परवानगीनेच.

अविवाहित सज्ञान मुलगी कागदावर मोकळी होती. मात्र भांडवल वडिलांच्या हातात आणि सभ्य घरातल्या मुलीने धंद्यात उतरणे लोकांना न रुचणारे. उरली विधवा. तिच्यावर ना बापाची सत्ता, ना नवऱ्याची. ती करार करू शकत होती, कर्ज काढू शकत होती, कोर्टात उभी राहू शकत होती. सासरचे नाव आणि ओळखी तिच्या पाठीशी असत, आणि मुलांच्या पोटासाठी ती बाहेर पडली तर समाज तिला बोल लावत नसे. ही खिडकी मात्र दुसरे लग्न होताच बंद व्हायची. सह्या नव्या नवऱ्याच्या हातात जायच्याच, शिवाय पहिल्या घरच्या मुलांचे पालकत्व टिकवण्यासाठी कुटुंबसभेची मंजुरी लागायची. बार्ब-निकोलने पुढची एकसष्ट वर्षे दुसरे लग्न केले नाही. तिच्या मनात काय होते हे तिच्या व्यापारी पत्रांतून कळत नाही. पण लग्न केले असते तर काय गेले असते, हे संहितेत स्पष्ट लिहिलेले आहे.

आपल्याकडची गोष्ट इथे आठवते. हिंदू विधवेलाही सही होती, पण हात बांधलेली. नवऱ्याकडून आलेली मिळकत ती हयातीपुरती सांभाळणार, आणि विकायची तर 'कायदेशीर गरज' दाखवणार. म्हणूनच विधवांनी लिहून दिलेल्या जुन्या खतांत कर्जफेड, मुलीचे लग्न, नवऱ्याचे क्रियाकर्म अशा कारणांची यादी असते. ती नसेल तर मागून वारसदार येऊन व्यवहार मोडू शकत. हा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला तो 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. मादाम क्लिकोला कुणापुढे 'गरज' मांडावी लागली नाही. तिने सासऱ्यांपुढे मांडला तो धंद्याचा बेत.

साडेदहा हजार बाटल्या

सासऱ्यांनी भांडवल दिले, पण एक अट घालून. अनुभवी वाइन व्यापारी अलेक्झांद्र फुर्नो यांच्या भागीदारीत तिने चार वर्षे उमेदवारी करायची. ही मुदत 1810 मध्ये संपली. नफा फारसा नव्हता आणि फुर्नो वेगळे झाले. त्याच वर्षी तिने एकटीच्या नावाने पेढी उघडली : 'व्हव क्लिको-पोंसार्दँ'. या नावातून तीन गोष्टी एकदम कळतात. मी क्लिकोंची आहे, पोंसार्दँचीही आहे, आणि माझ्या सहीवर दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. समोरच्या सावकाराला किंवा गिऱ्हाइकाला 'विधवा' हा शब्द शोकाची नव्हे, पतपात्रतेची खूण होता.

काळ मात्र वाईट होता. नेपोलियनच्या युद्धांनी बंदरे बंद पडली होती. माल वाटेतच अडकून नासायचा. रशियाने फ्रेंच चैनीच्या मालाला दार लावून घेतले होते. 1811 साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि द्राक्षाचे पीकही असे उतरले, की त्या सालाची वाइन 'धूमकेतूची वाइन' म्हणून नावाजली. तळघरात उत्तम माल आणि बाहेर गिऱ्हाईक नाही, अशी तिची गत झाली. 1814 च्या सुरुवातीला तर युद्धच रीम्सच्या वेशीत आले आणि रशियन फौजा शहरात शिरल्या.

नेपोलियनने एप्रिलमध्ये सत्ता सोडली. इतर व्यापारी सगळे स्थिरस्थावर होण्याची वाट पाहत असताना तिने एक डच जहाज गुपचूप भाड्याने घेतले. 10,550 बाटल्या भरून ते जूनमध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या क्योनिग्सबर्गकडे, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडकडे, निघाले. मालासोबत लुई बोन होता. रशियातली बंदी उठेल याची खात्री नव्हती. माल परत आला असता तर पेढी बुडाली असती. पण बाटल्या उतरताच गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, आणि प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागेपर्यंत तिची दुसरी खेपही रवाना झाली. थोड्याच वर्षांत पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन'मध्ये तिच्या वाइनचा उल्लेख आला, तो 'विधवा क्लिको' असाच. रशियन वाचकाला तो 'व्दवा' शब्द परका वाटायचे कारणच नव्हते.

गाळाचा प्रश्न

मागणी वाढली आणि खरी अडचण तळघरात उभी राहिली. शँपेनची वाइन दोनदा आंबते. पहिल्यांदा पिंपात, दुसऱ्यांदा बूच मारलेल्या बाटलीत. या दुसऱ्या आंबण्यातून निघालेला वायू कोंडून राहतो, त्याचाच फेस होतो. पण काम संपवून मेलेले यीस्टही त्याच बाटलीत गाळ होऊन बसते. हा गाळ काढायचा कसा? एका बाटलीतून दुसरीत वाइन ओतली तर फेस जातो, वाइन वाया जाते आणि वेळही फार लागतो. शिवाय आतल्या दाबाने बाटल्या फुटायच्या त्या वेगळ्याच. ग्लासात बुडबुडे मोठे आले की तिला खपायचे नाहीत. त्यांना ती बेडकाचे डोळे म्हणत असे.

यावर तिच्या तळघरात निघालेला तोडगा घराण्याच्या नोंदीप्रमाणे 1816 चा. मेजाच्या फळीला भोके पाडायची आणि बाटल्या मानेवर उलट्या खोचायच्या. रोज प्रत्येक बाटली जराशी हलवून फिरवायची. सहा ते आठ आठवड्यांत सगळा गाळ सरकत बुचापाशी येऊन बसतो. मग बूच उडवले की दाबासरशी गाळ बाहेर पडतो आणि खाली नितळ वाइन उरते. भोके पुढे तिरकी झाली, मेजाच्या जागी दोन फळ्यांची घोडी आली. पण मूळ युक्ती आजही तीच आहे.

तिने स्वयंपाकघरातले मेज उचलून तळघरात नेले आणि त्याला भोके पाडायला लावली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती मी जरा बाजूला ठेवते. बाईने लावलेला शोध स्वयंपाकघरातूनच निघायला हवा, अशी आपली समजूत तिच्यात डोकावते. शिवाय आंत्वान म्युलर हा तळघराचा प्रमुख या कामात तिच्या बरोबरीने होता. शोधाचे श्रेय वाटून घेतल्याने तिची उंची कमी होत नाही. हा प्रश्न धंद्याच्या जिवावरचा आहे हे तिने ओळखले, महिनोन्महिने प्रयोगाला पैसा आणि बाटल्या पुरवल्या आणि युक्ती काही वर्षे आपल्या भिंतींच्या आत ठेवली. हे मालकाचे काम होते आणि ते तिने केले.

ती वाइन कशी होती, याचा पुरावा समुद्राच्या तळाशीही सापडला. 2010 मध्ये बाल्टिक समुद्रातल्या ऑलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजातून एकोणिसाव्या शतकातल्या 168 बाटल्या वर काढल्या. बुचांवरच्या ठशांवरून त्यांतल्या काही क्लिको घराण्याच्या ठरल्या. तपासणीत लीटरमागे सुमारे 150 ग्रॅम साखर निघाली. आजच्या 'ब्रूत' शँपेनमध्ये 12 ग्रॅमहून कमी असते. त्या काळच्या गिऱ्हाइकाला वाइन चांगलीच गोड लागत असे.

मुलीला काय दिले?

इथवरची कथा यशाची आहे. पुढची मला अधिक अस्वस्थ करते.

तिने एकुलत्या एक मुलीला धंदा शिकवला नाही. क्लेमाँतीनचे लग्न 1817 मध्ये शेविन्ये नावाच्या खानदानी पण रिकाम्या हाताच्या सरदाराशी झाले. जावई उधळा होता. कवितेचा, विशेषतः चावट पद्यकथांचा, नाद होता आणि खर्च सासूच्या तिजोरीतून चालायचा. नातीचे लग्नही मोठ्या घराण्यात झाले. तिच्यासाठी मार्न नदीकाठी बुर्सो इथे आजीने भला मोठा वाडा उभारला. वाइनच्या पैशातून तिने आपल्या लेकीबाळींना पदव्या मिळवून दिल्या. पेढीवरची खुर्ची दिली नाही.

ती खुर्ची गेली एदुआर वेर्ले यांच्याकडे. हा जर्मन तरुण 1821 मध्ये कारकून म्हणून आला होता. 1820 च्या दशकात मादामने केसलर या दुसऱ्या सहकाऱ्याच्या नादाने बँक आणि कापडगिरणीत पैसा घातला होता. केसलर पुढे जर्मनीत परतला आणि त्याने एसलिंगेनला स्वतःची फसफसती वाइन सुरू केली. 1828 च्या आर्थिक संकटात मादामची पेढी बुडायच्या बेतात आली, ती वेर्लेने सावरली. 1831 मध्ये तो भागीदार झाला. 1841 मध्ये मादाम रोजच्या कामातून बाजूला झाली. 29 जुलै 1866 रोजी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती बुर्सोला वारली तेव्हा धंदा वेर्लेंच्या घराण्याकडे गेला. चिठ्ठीवर विधवा कायम राहिली.

शँपेनच्या मुलखात तिच्यासारख्या आणखीही होत्या. लुईझ पोमरी 1858 मध्ये विधवा झाली. तिने रीम्सखालच्या रोमनकालीन खडूच्या खाणींची तळघरे केली आणि 1874 ची कोरडी, बिनगोडीची शँपेन बाजारात आणून इंग्रज गिऱ्हाईक जिंकले. 1941 मध्ये, जर्मनांच्या अमलाखाली, लिली बोलँजेने नवऱ्यामागे घराण्याची पेढी हाती घेतली आणि 1971 पर्यंत चालवली. दार तेच होते, कुणीतरी गेल्यावर उघडणारे.

ते बंद कसे होई, याचेही उदाहरण आहे आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. 1830 च्या दशकात क्रिस्तियाँ हाइडसिक हा शँपेन व्यापारी वारला. त्याच्या विधवेने पेढीतल्याच पाइपर नावाच्या भागीदाराशी लग्न केले. पेढीचे नाव झाले पाइपर-हाइडसिक : नव्या नवऱ्याचे आणि जुन्या नवऱ्याचे. दोघांना जोडणारी बाई नावातून गळाली. याच पाइपर-हाइडसिकच्या तांत्रिक साहाय्याने 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला शँपेनच्या पद्धतीने फसफसती वाइन तयार होऊ लागली. 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशी गेली. पुढे मादाम क्लिकोचे घराणे ज्या उद्योगसमूहात आहे, त्यानेच नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला आपल्या 'शाँदाँ' नावाची फसफसती वाइन काढली. बाटली हळूहळू फिरवून गाळ बुचापाशी आणण्याची ती युक्ती अशी सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोहोचली.

पणतीची सही

लेओं कोन्ये या चित्रकाराने काढलेले मादाम क्लिकोचे म्हातारपणचे एक चित्र प्रसिद्ध आहे. भरदार अंगाची, लेसची टोपी घातलेली बाई खुर्चीत बसली आहे. पायाशी एक लहान मुलगी आहे. ही तिची पणती, ॲन.

ॲनचा जन्म 1847 चा. तिचे लग्न उझेसच्या ड्यूकशी झाले आणि 1878 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तीही विधवा झाली. पणजीची मोठी संपत्ती तिच्यापर्यंत पोहोचली होती. तिने ती कशाकशावर खर्च केली हे पाहिले तर माणूस गोंधळतो. ती कट्टर राजनिष्ठ होती. प्रजासत्ताक उलथवू पाहणाऱ्या जनरल बूलाँझेला तिने लाखो फ्रँक पुरवले. ती शिल्पे घडवायची, शिकार करायची. 1898 मध्ये मोटार चालवण्याचा परवाना मिळवणारी ती फ्रान्समधली पहिली स्त्री ठरली, आणि वेगाने गाडी हाकल्याबद्दल तिला दंडही झाला.

पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल 1893 आहे. त्या वर्षी झान श्माल या कार्यकर्तीने 'लाव्हाँ-कुरिएर' ही संस्था काढली. तिच्या मागण्या दोनच होत्या. स्त्रीची साक्ष नागरी दस्तऐवजांवर ग्राह्य धरावी, आणि विवाहितेची कमाई तिच्या स्वतःच्या ताब्यात असावी. उझेसची डचेस या संस्थेच्या पाठीशी उघडपणे उभी राहिली. पहिली मागणी 1897 मध्ये मान्य झाली, दुसरी 1907 मध्ये. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरीधंदा करण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क फ्रान्समधल्या विवाहितेला मिळायला तर 1965 उजाडले.

मादाम क्लिकोने संहितेविरुद्ध अवाक्षर काढल्याचे दिसत नाही. संहितेने उघड्या ठेवलेल्या एका खिडकीतून ती आत आली आणि आयुष्यभर आतच राहिली. आपल्या मुलीसाठी तिने दार केले नाही. नवरा गमावल्याशिवाय सही मिळू नये, ही त्या कायद्याची अट तिने निमूट मानली. ती अट मोडायचे काम तीन पिढ्यांनी तिच्याच पणतीने हाती घेतले. पणतीही विधवा होती. तिला स्वतःसाठी त्या कायद्याची गरज नव्हती. ज्यांचे नवरे हयात होते, अशा गिरणीतल्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांची मजुरी त्यांच्याच हाती यावी म्हणून तो होता.

2023 मध्ये महाराष्ट्रात सरकारी व्यवहारात 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे अशी सूचना पुढे आली आणि त्यावर बरेच वादंग झाले. कोणता शब्द आदराचा, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. माझ्यासमोरच्या कागदांवर तो शब्द कधी 'गं. भा.' आहे, कधी 'व्हव'. दोन्ही ठिकाणी माझी नजर शब्दावरून खाली जाते. तळाशी सही कुणाची आहे, आणि ती करताना शेजारी कुणाची संमती लागली होती का, एवढे मी आधी पाहते.